एस्तेरच्या दगडावरची ओळ

"पण आमच्यासारख्यांना ईश्वरविज्ञान शिकवून तुम्हाला करायचंय काय, पाळकसाहेब?"

अमोस घाटविसावेने कबरस्तानाचं फाटक लोटता लोटताच विचारलं. सलामसुद्धा नंतर केला.

भांबळ पाळकांनी मान वर केली नाही. एका लहानशा कबरीपाशी बसून ते गवत उपटत होते. वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गवत कुठलं आणि कुणी हौसेने लावलेलं रोप कुठलं, हे ते बोटांनी चाचपूनच ठरवत.

"बस," ते म्हणाले.

अमोस बसला नाही. तो चर्चच्या पंच कमिटीचा निरोप घेऊन आला होता, आणि निरोप उभ्यानेच द्यायचा असतो असं त्याला वाटत होतं.

निरोप साधा होता. भांबळ पाळकांना निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती. नव्या पाळकांनी त्यांना मानाने घरी बसू दिलं होतं. तरी म्हाताऱ्याने जानेवारीत खूळ काढलं: दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या व्हरांड्यात ईश्वरविज्ञानाचा वर्ग. शिकलेल्यांसाठी नाही, सगळ्यांसाठी. टेम्पो चालवणाऱ्यांनी यावं, स्वयंपाक उरकून बायांनी यावं, देव कसा आहे असं आपण मानतो ते एकदा तपासून बघावं. पहिल्या बुधवारी अकरा माणसं आली. गेल्या बुधवारी दोन आली आणि त्यातलं एक झोपलं.

"लोक कंटाळलेत," अमोस म्हणाला. "कमिटीचं म्हणणं, वर्ग बंद करा. ज्यांना पाळक व्हायचंय त्यांनी ते शिकावं. आम्ही हातावर पोट असलेली माणसं. आमचा विश्वास साधा आहे, तो साधाच बरा."

"तुझंही तेच म्हणणं?"

"माझंच म्हणणं. कमिटीने ते उचललं."

हे खोटं नव्हतं. मंडळीत अमोसचा शब्द चाले. भजनाला आवाज त्याचा, आणि गोदाकाठच्या चार मिशनगावांत कबरींवरचे दगड त्याच्या हातचे. अक्षर असं काढायचा, की धडधाकट माणसंही घरच्यांना बजावून ठेवत, माझा दगड अमोसकडूनच करून घ्या. त्याचा त्याला अभिमान होता आणि तो चारचौघांत लपवण्याइतका तो लबाड नव्हता. आताही खांद्याला हत्यारांची पिशवी होती, हातात रंगाचा छोटा डबा. उद्या ईस्टर. पहाटेची उपासना कबरस्तानातच व्हायची, म्हणून जुन्या दगडांच्या अक्षरांत नवा पांढरा रंग भरून द्यायला तो निघाला होता.

"साधा विश्वास म्हणजे कसा रे?" पाळकांनी विचारलं.

"देव प्रेम आहे. एवढं कळलं की झालं."

"प्रेम आहे म्हणजे काय करतो तो?"

"काय करतो म्हणजे..." अमोस जरा चिडला. "प्रेम करतो. अजून काय?"

पाळकांनी हात झटकले आणि बोटं समोरच्या दगडावर ठेवली. काळा कडप्पा, गुडघ्याएवढा उंच. बोटं नावावरून फिरली, तारखांवरून फिरली, खालच्या ओळीवर आली आणि सावकाश एकेक अक्षर वाचत पुढे गेली.

"काय अक्षर आहे तुझं, अमोस! आंधळ्यालाही वाचता येतं."

अमोसचा राग निम्मा उतरला. तो वाकून बघू लागला. दगड त्याचाच होता. एस्तेरचा. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या विनंतीची थोरली मुलगी, सहा वर्षांची, दीड वर्षापूर्वी सरपण आणायला आईमागे गेली आणि तिला साप चावला.

"मोठ्याने वाच ना. तुझ्या तोंडून ऐकू दे."

अमोसने वाचलं. "देवाला आवडली, म्हणून त्याने नेली."

"कुणी सांगितली ही ओळ?"

"कुणी नाही. पोरीचा बाप म्हणाला, काहीतरी चांगलं घाल. ते दोघं कुठल्या शुद्धीत होते! मग मीच घातली. म्हणतातच ना सगळे."

"म्हणतात."

"चुकलं काय त्यात? आईला तेवढाच धीर."

पाळकांनी पुन्हा गवताला हात घातला. त्या कबरीवर गवत फार माजलं होतं. आजूबाजूच्या कबरी घरच्यांनी धुऊन पुसून चुना देऊन ठेवल्या होत्या. हिच्याकडे दीड वर्षात कुणी फिरकलेलं दिसत नव्हतं.

"विनंती येत नाही का इथं?" अमोसने विचारलं.

"किती वाजले?"

"पाचला दोन-तीन मिनिटं असतील."

"मग थांब जरा. भिंतीपलीकडे बघ."

कबरस्तानाची भिंत कमरेएवढी होती. पलीकडे गल्ली, आणि गल्लीतलं तिसरं घर विनंतीचं. ती उंबऱ्याबाहेर पाय पसरून बसली होती. पायांवर पाच महिन्यांचं पोर पालथं घातलेलं, ती त्याच्या पाठीला तेल चोळत होती. काहीतरी गुणगुणत होती, पोर हुंकारत होतं. अमोसला बरं वाटलं. चला, पोरगी सावरली, असं त्याच्या मनात आलं.

पाच वाजले. चर्चची घंटा वाजली.

विनंती ताडकन उठली. तेलाची वाटी लवंडली, तिकडे तिने बघितलंही नाही. पोराला पदराखाली झाकून ती आत शिरली. दार लागलं, कडी वाजली. मग खिडकी लागली. घंटा वाजत राहिली आणि बंद घरातून पोराचं रडणं येत राहिलं.

अमोसला काही कळेना. "हे काय?"

"रोज असंच. रविवारी तीनदा."

"पण का?"

"नाव माहीत आहे का त्या पोराचं?"

अमोसला माहीत नव्हतं. मुलगा झाला एवढं ऐकलं होतं. बाप्तिस्मा अजून झाला नाही, म्हणून एकदा त्याने कमिटीत नापसंतीही दाखवली होती.

"केरू," पाळक म्हणाले. "केरात टाकायच्या लायकीचा. आपल्या आज्या-पणज्या ठेवायच्या तसली नावं, मूल जगत नसलं की. मी तिला म्हटलं, अगं, चर्चमध्ये आण त्याला, आशीर्वाद देऊ. तर पाया पडली माझ्या. म्हणाली, पाळकसाहेब, तेवढं नका करू. देवाच्या नजरेस नको पडायला. त्यालाही आवडला तर?"

अमोसने पिशवी आणि डबा खाली ठेवला.

घंटा थांबली. दार काही उघडलं नाही.

त्याला लूक आठवला. त्याचा धाकटा भाऊ. अमोस आठ वर्षांचा होता तेव्हा तापाने गेला. आत्याने अमोसला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, लूक गुणी होता ना, म्हणून देवाला आवडला. त्यानंतर वर्षभर अमोस वाईट वागला होता. शाळेत पाट्या फोडल्या, रविवारच्या शब्बाथ शाळेत शिव्या दिल्या, बापाचा मार खाल्ला. घरात सगळे म्हणत, भाऊ गेला आणि पोरगं बिघडलं. ते बिघडणं नव्हतं. तो भीत होता. देवाला आपण आवडू नये म्हणून जिवाच्या आकांताने धडपडत होता, आणि रात्री पांघरुणात आपण चुकून चांगले तर वागलो नाही ना, याची उजळणी करत होता. हे सगळं तो विसरून गेला होता. आणि विसरलेल्या माणसाच्या बेफिकिरीने त्याने तीच ओळ आपल्या सुंदर अक्षरात कोरून दुसऱ्याच्या लेकराच्या उशाशी उभी केली होती.

त्याला स्वतःची शिसारी आली.

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?" तो म्हणाला. आवाज चढला होता. "तुम्ही शिकलेले होतात. तुम्हाला कळत होतं!"

"निवृत्त असलो तरी दगड बसवला त्या दिवशी प्रार्थना मीच केली," भांबळ पाळक म्हणाले. "ही ओळ वाचली. मला ती खटकली. वाटलं, दुःखाची वेळ आहे, आता कशाला बोला..." ते थांबले. "चाळीस वर्षं पाळक होतो. प्रत्येक कबरीपाशी लोक देवाबद्दल काय काय बोलायचे. त्याने शिक्षा केली म्हणायचे, परीक्षा घेतली म्हणायचे. मी म्हणायचो, साधी माणसं आहेत, कशाला बोला. आणि आमेन म्हणायचो."

वाऱ्याने रंगाचा डबा कलंडला. अमोसने तो उचलला नाही.

त्याने पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली आणि गुडघे टेकून दगडासमोर बसला. पहिला घाव घालताना त्याचा हात अडला. आजवर त्याने आपलं अक्षर कधी मोडलं नव्हतं. मग त्याने घाव घातला. कपच्या उडू लागल्या. खोल कोरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, त्यामुळे आता काढायलाही तितकंच खोल जावं लागत होतं. घामाने शर्ट पाठीला चिकटला. एक कपची पाळकांच्या हाताला लागून रक्त आलं. ते सरकले नाहीत.

अर्ध्या तासाने ओळ गेली. त्या जागी एक ओबडधोबड खळगा उरला. वर नाव, दोन तारखा, आणि खाली खळगा. चांगला दगड कायमचा विद्रूप झाला होता.

"निघालं," अमोस धापा टाकत म्हणाला. "सांगा, आता काय कोरू?"

पाळकांनी हात पुढे केला. खळग्यातून बोटं फिरवली. एकदा, दोनदा. मग मान हलवली.

"निघालं नाही अजून."

"असं कसं? सगळं छाटलंय. हात लावून बघा परत."

पाळकांनी हनुवटीने भिंतीपलीकडे दाखवलं. विनंतीचं दार बंदच होतं. उंबऱ्याबाहेर सांडलेल्या तेलाला मुंग्या लागल्या होत्या.

अमोस तिकडे वळला, छिन्नी हातातच होती.

"तिला जाऊन काय सांगू?" तो म्हणाला. "देव कसा आहे, ते मलाच माहीत नाही, पाळकसाहेब. मी कधी बघितलंच नाही तिकडे... नुसता म्हणत आलो."

भांबळ पाळकांनी त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली आणि गवतात ठेवली.

"तेच सांग."