एकाच दिवशी उगवणारा सातू

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक म्हातारा उंदीर एकटाच राहत असे. बिळासमोरच्या तुकड्यात तो सातू पिकवी आणि त्याला मोड आणून, वाळवून, दळून गोड सत्त्व करी. पण ते दाणे मोठे लहरी. काहींना दुसऱ्या दिवशी मोड येत, काहींना पाचव्या. मोड आलेला दाणा तसाच राहिला, तर कोंब वाढून त्याची गोडी जाते. म्हणून खार आणि ससा आठवडाभर रोज उंदराकडे येत आणि तिघे मिळून मोडाचे दाणे निवडत बसत.

"अरे, निवडतोस की खातोस?" खार सशाला विचारी.

"चाखून निवडतो. तुझ्यासारखं डोळे मिटून नाही," ससा म्हणे. "पण आजोबा, तुमचा सातू भारी रडवतो हं!"

म्हातारा हसे, पण मनात त्याला धास्ती वाटे. कंटाळून ही दोघे यायचीच थांबली तर? म्हणून त्याने सातू सुधारायचे ठरवले. सुगी झाली की तो प्रत्येक ओंबीतले चार दाणे भिजवून पाही. चारही दुसऱ्याच दिवशी एकदम उगवले, तरच त्या ओंबीचे उरलेले दाणे बियाण्याला ठेवी. असे करता करता कितीतरी वर्षे गेली आणि अखेर सगळ्या सातूला एकाच दिवशी मोड आले. सत्त्वही पूर्वीपेक्षा गोड झाले. उंदराने आनंदाने खारीला आणि सशाला ते बियाणे वाटले.

पुढच्या वर्षी सातू भिजत घालून तो दाराशी वाट पाहत बसला. कोणीच आले नाही. आपले काही चुकले का? बोलण्यात काही कमीजास्त गेले का? चार दिवस विचार करून शेवटी तो खारीच्या झाडाखाली गेला.

"काय आजोबा, आज इकडे कुठे?"

"काही नाही गं. म्हटलं, निवडायला काही असलं तर बसावं घटकाभर."

"निवडायला?" खार हसली. "अहो, तुमचंच बी पेरलंय ना आम्ही! एका दिवसात मोड आले, लगेच वाळतही घातले. सशाकडेही तसंच. कामच उरलं नाही बघा. पुण्य लागेल तुम्हाला!"

आणि ती सरसर वर निघून गेली. उंदीर बिळाकडे परतला आणि वाळलेला सातू एकटाच दळत बसला.

तात्पर्य : कामातला त्रास काढून टाकण्याआधी, त्या त्रासाच्या निमित्ताने कोण आपल्याजवळ येऊन बसत होते, ते पाहावे.