नऊ हिरवे ठिपके

"मग अजून काय लावू, भंते? कॅमेरे?"

विचारता विचारता प्रसेनजित रामटेकेनं मांडीवरचा फोन पुन्हा एकदा उलटा करून बघितला. नागपूरच्या एका कंपनीत तो मॅनेजर होता. हाताखाली नऊ माणसं, नऊ गावांत, सगळी घरून काम करणारी. भंडाऱ्याबाहेरच्या या छोट्या विहारात तो भरदुपारी येऊन बसला होता.

वृद्ध भंते चिवराच्या उसवलेल्या शिवणीला टाके घालत होते.

"आधी काय लावलंय?"

"कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम आहे. माणूस कामावर असला की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. पाच मिनिटं हात थांबला की लाल."

"मग?"

"वाशिमची निवेदिता म्हणून आहे. चार दिवस तिचा ठिपका एकदाही लाल झाला नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं मी..."

त्यानं फोन पुन्हा पालथा ठेवला.

"काल दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तिच्या आईला अर्धांगाचा झटका आलाय. चार दिवस ही दवाखान्यात खाटेशेजारी लॅपटॉप घेऊन बसलीये. एका हातानं आईला पाणी पाजते, दुसऱ्या हातानं माऊस हलवत राहते."

भंत्यांनी आणखी एक टाका घातला.

"मला का नाही सांगितलं तिनं? सुट्टी दिली नसती का मी? आता बाकीचे आठ जण काय लपवत असतील, या विचारानं घास उतरत नाही, भंते."

"आज शुक्रवार. तुम्ही सुट्टी घेऊन आलात?"

"...नाही."

"तुम्हालाही साहेब असतील."

"आहेत. पुण्याला."

"त्यांना आत्ता तुमच्या नावापुढे काय दिसत असेल?"

प्रसेनजितनं मान खाली घातली.

"हिरवा," तो म्हणाला. "घरी टेबलावर घड्याळ ठेवलंय, त्याच्यावर माऊस. काटा फिरत राहतो... माऊसला वाटतं, हात हलतोय."

भंत्यांनी सुई बाजूला ठेवली. त्याच्या मांडीवरचा फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"तिला लावा."

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत ते."

"पण भंते... हे कळल्यावर माझा मान काय राहील?"

भंते सुईत दोरा ओवू लागले होते.

प्रसेनजितनं नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"सर, आहे मी! कामावरच आहे! जरा नेट गेलं होतं, म्हणून—"

"निवेदिता, ऐक. मी काम सोडून बाहेर आलोय. कुणाला न सांगता. माझा ठिपका खोटा आहे."

पलीकडे मागं कुठंतरी स्ट्रेचरची चाकं वाजत गेली.

"सर..." आवाज अगदी बारीक झाला होता. "आई मला ओळखत नाहीये."

मग ती रडायला लागली. तो ऐकत राहिला.

शेवटी म्हणाला, "लॅपटॉप बंद कर. आईपाशी बस."

त्यानं फोन बंद करून मांडीवर ठेवला.

"भंते... आता तरी तिचा माझ्यावर विश्वास बसेल?"

भंत्यांनी दातानं दोरा तोडला.

"ते तिचं तिला बघू द्या. तुम्ही पुण्याला फोन लावा."