मैनेची साक्ष

"राजेसाहेब गायला लागले की आमची म्हैस दावं तोडून पळते!"

भर दरबारात पिंजऱ्यातली मैना बोलली, आणि तेही हुबेहूब बयाजी कासाराच्या आवाजात. बयाजीच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी उभ्या असलेल्या गवराने, त्याच्या बायकोने, कपाळाला हात लावला. हे वाक्य तो घरी, जेवता जेवता, फक्त तिच्याशी बोलला होता.

राजा रंगसेनाने दिवाळीला घरोघर मैना भेट दिल्या होत्या. लोकांनी कौतुकाने त्यांना पेरू भरवले, मिरच्या भरवल्या. आता दर सोमवारी राजाची माणसं त्यांना दरबारात आणत आणि मैना घरात ऐकलेलं घडाघडा बोलून दाखवत. भेट कसली, घरात टांगलेला राजाचा कानच होता तो!

"बयाजीला राज्याबाहेर हाकला!" राजा गरजला. गाण्यावरून कुणी हसलं की त्याला फार झोंबे.

गवरा पुढे झाली. "महाराज, आमचं घरातलं बोलणं आम्हाला न विचारता ऐकलंत. हा कुठला न्याय?"

"विचारायचं कशाला? राज्य माझं, मैना माझी! येत्या सोमवारपर्यंत तिला शब्द मागे घ्यायला लाव. जमलं तर नवरा तुझा, नाहीतर तो सीमेपार!"

आता मैना कधी शब्द मागे घेते होय? बयाजीने रडत रडत गाठोडं बांधायला घेतलं. गवरा मात्र बांगड्यांची पेटी उचलून, रोजच्यासारखी राणीच्या महालात बांगड्या भरायला गेली. जाताना एक पिंजराही घेऊन गेली.

सोमवारी ती बयाजीला घेऊन दरबारात आली, तेव्हा त्या पिंजऱ्यावर कापड होतं.

"महाराज, हा पिंजरा आठवडाभर राणीसाहेबांच्या खिडकीत टांगलेला होता. कापड काढू का?"

राजाने सेनापतीकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. त्याला दरदरून घाम फुटला.

"थांब! माझी परवानगी नाही!"

"माझी आहे!" पडद्याआडून राणी म्हणाली. "काढू दे की! बाबांनाही ऐकू दे!"

"एकट्या तुझ्या परवानगीने काय होतंय? बोलणारे आपण दोघं, तर परवानगीही दोघांची लागते!"

"असा कायदा आहे, महाराज?" गवराने विचारलं.

"आहेच मुळी! पहिल्यापासून आहे! लिहून घ्या रे!"

कारकुनाने लिहिलं. राजाने घाईघाईने शिक्का उमटवला.

"मग म्हशीचं बोलणारेही आम्ही दोघंच होतो," गवरा शांतपणे म्हणाली. "यांना कुणी विचारलं नाही, मलाही नाही."

राजाने घसा खाकरला. "बरं, बरं! मैनेचे शब्द मागे! बयाजी सुटला! पण तो पिंजरा आधी बाहेर ने!"

गवराने कापड ओढलं. पिंजरा रिकामा!

राजा उठूनच उभा राहिला. "अगं, मग आम्ही काय बोललो ते तुला कळलं कसं?"

"मला कुठे कळलं, महाराज? ते तुमचं तुम्हालाच ठाऊक!"

राजा परत खाली बसला आणि पोट धरून हसत सुटला. "सगळ्या मैना सोडून द्या! त्यांचे पितळी पिंजरे बयाजीला द्या, तो वितळवून त्यांचे पाण्याचे तांबे करील! आणि बक्षीस म्हणून आज या दोघांना मी स्वतः गाणं ऐकवतो!"

"अहो," पडद्याआडून राणी म्हणाली, "आधी दोघांची परवानगी घ्या!"