लाल गाडीची डावी बाजू

"मग बसताय न्हवं, वस्ताद?"

धैर्यशीलनं तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर वस्ताद गाडीकडं बघत राहिले.

गाडी लाल होती. वर टप नाही, दोनच माणसांची जागा. पुढची दोन्ही चाकं बॉनेटच्या बाहेर, उघडी. जुन्या परदेशी चित्रांत असते तशी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या गल्लीनं असली गाडी आजवर पाहिली नव्हती.

धैर्यशील इंगवलेनं ती दोन वर्षं खपून बांधली होती. चासी मोडीत निघालेल्या जीपची. इंजिन एका जुन्या व्हॅनचं. बॉनेट तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून केलेलं. दिवे स्कूटरचे. नवं म्हणाल तर टायर आणि ब्रेकचं सामान, तेवढंच. फाउंड्रीतली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी केलेलं हे काम.

वस्ताद सत्त्याहत्तर वर्षांचे. धैर्यशील डिप्लोमा घेऊन गल्लीत आला, तेव्हा पाना कसा धरायचा हे त्यांनीच शिकवलं होतं.

गल्लीची एक रीत होती. गाडी कुणीही बांधावी. रस्त्यावरच्या पहिल्या फेरीला वस्ताद तिच्यात डावीकडं बसले, की गाडी पास. कागद नको, शिक्का नको. "वस्ताद बसले" एवढं म्हटलं की पुरे.

आज गुरुवार होता. रविवारी हौशी गाडीवाल्यांची पन्हाळ्याला फेरी निघणार होती. धैर्यशीलनं नाव दिलं होतं. डावीकडं त्याची बायको शर्वरी बसणार होती. सीटची कव्हरं तिनंच शिवली होती.

शेजारच्या लेथवरून आण्णा चौगुले ओरडले, "अरं धैर्या, टप कुठं इसरलास?"

"आण्णा, पैलवानाला कधी अंगरखा लागतोय व्हय?"

"अंगरखा ऱ्हाऊ दे. लंगोट तरी घालतोय की त्यो!"

गल्ली हसली. वस्तादही हसले. मग त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"ब्रेक?"

"चारी चाकांना. एक लाइन फुटली तर दुसरी धरती."

"स्टेरिंग?"

"बोटभर खेळ न्हाई. बघा हलवून."

वस्तादांनी हलवून पाहिलं. खेळ नव्हता.

"पाटे?"

"स्प्रिंगचे पाटे जीपचेच. एकेक पान काढलं. गाडी जमिनीला टेकल्यागत दिसाय पायजे, वस्ताद. तीच तर शोभा."

वस्ताद वाकले. गुडघे वाजले. पुढच्या चाकांमागं त्यांनी हात फिरवला. उजवीकडं, मग डावीकडं. रंग आरशासारखा गुळगुळीत होता.

"काढा की चूक," धैर्यशील म्हणाला. "घावली तर सांगा."

"घावली न्हाई."

"न्हाईच घावायची."

"काम चांगलं केलंयस."

वस्ताद सहसा असं म्हणत नसत. आण्णांनी लेथ बंद केलं. धैर्यशीलची छाती एक वीतभर फुगली. त्यानं डावीकडचं छोटं दार उघडून धरलं.

"मग बसा."

वस्ताद बसले नाहीत. त्यांनी हात पुढं केला.

"किल्ली दे."

"तुम्ही... चालवणार?"

"का? इसरलो आसंन म्हणतोस?"

"तसं न्हवं. पण रीत..."

"रविवारी डावीकडं कोण बसणार?"

"शर्वरी."

"मग आज तू बस तिथं."

धैर्यशील गोंधळला. पण गल्ली बघत होती. त्यानं किल्ली दिली आणि बायकोनं शिवलेल्या सीटवर जाऊन बसला.

वस्तादांनी चष्मा पुसला. पहिला गिअर असा पडला, की आवाजही आला नाही.

शिवाजी पूल ओलांडून गाडी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागली. उसाच्या ट्रॉल्या कडेनं जात होत्या. शाळेच्या पोरींनी हात केले. एका मोटारसायकलवाल्यानं मान मागं वळवली ती वळवलेलीच ठेवली.

"बघा, वस्ताद! कोण म्हणंल का भंगारातनं केलीया?"

"कोण न्हाई म्हणायचं."

धैर्यशीलही लोकांना हात करत होता.

मग रस्त्यात एक खड्डा आला.

गाडी दणकली. धैर्यशीलनं समोर पाहिलं. डावं चाक त्याच्या पुढ्यातच होतं. उघडं. खड्ड्यात गेलं, थरथरलं, वर आलं.

गेला महिनाभर तो उजवीकडं बसून ही गाडी गल्लीत फिरवत होता. तिथून हे चाक बॉनेटच्या आड जायचं, कधी दिसलं नव्हतं.

दुसरा खड्डा. चाक पुन्हा थरथरलं.

त्यानं हात करणं थांबवलं.

केर्लीच्या पुढं रस्ता खराब होता. वस्ताद खड्डे चुकवत नव्हते, मुद्दाम शोधतही नव्हते. रस्ता जसा येईल तसा घेत होते. धैर्यशील मात्र प्रत्येक खड्डा चार हात आधी बघत होता, आणि खड्डा आला की चाकाकडं.

"गप का झालास?"

"काय न्हाई."

वाघबिळाला वस्तादांनी गाडी कडेला घेतली. इथून पुढं घाट. कणसं भाजणारी एक बाई गाडीकडं बघत बसली.

"चढू?"

"चढा की."

"उतरताना दुसऱ्या गिअरात सोडतो. वळणावर जरा दाबून घेतो. रविवारी तू घेणारच की."

"...व्हय."

"शर्वरी भितरी हाय का रं?"

"न्हाई." धैर्यशील चाकाकडं बघत म्हणाला. "ती वरडती. आणखी जोरात घ्या म्हणती."

"बरं."

वस्तादांनी क्लच दाबला. गिअरवर हात ठेवला.

धैर्यशीलचा हात आपोआप त्यांच्या हातावर गेला.

"थांबा, वस्ताद."

इंजिन चांगलं चालत होतं. कुठं खोकत नव्हतं. वस्ताद थांबले.

"डाव्या चाकाचा ब्रॅकेट," धैर्यशील म्हणाला.

वस्तादांनी मान त्या चाकाकडं वळवली.

"चाक बॉनेटच्या बाहेर यायला पायजे होतं. म्हणून पाट्याचे दोन्ही ब्रॅकेट कापून चासीवर पुढं वेल्ड केले. उजवा झकास आला. डाव्याच्या वेळंला वेल्डिंगचे रॉड ओले होते. जोड ढेकळांगत आला."

"मग परत करायचा."

"करणार हुतो. त्याच दिवशी बघायला दोघंतिघं आली. एकजण म्हणाला, ठिगळं किती मारलीयात! भंगाराची ती भंगाराचीच."

"मग?"

"ती गेल्यावर ग्राइंडर घेतला. सपाट हुईपतोर घासला जोड. वर लांबी भरली, पुट्टी. रंग मारला."

"आत जोडाला माल किती ऱ्हायला?"

कणसांखालचा निखारा तडतडला.

"म्हाईत न्हाई," धैर्यशील म्हणाला. मग हळूच, "शर्वरी हितं बसणार हुती, वस्ताद."

वस्तादांनी इंजिन बंद केलं.

घाटातून एक एसटी उतरली आणि निघून गेली.

"तुमाला कळलं हुतं," धैर्यशील म्हणाला. "हात फिरवलासा तवाच. म्हणून मला हितं बसवलंसा."

"न्हाई."

"न्हाई?"

"रंग झकास मारलायस. त्यातनं मला काय कळतंय?"

"मग मला डावीकडं का बसवलंसा?"

"मला चालवू वाटली." वस्तादांनी स्टेरिंगवरून हात फिरवला. "लाल गाडी कधी चालवली न्हवती."

धैर्यशील त्यांच्याकडं बघत राहिला. थट्टा आहे की खरं, त्याला ठरवता येईना. वस्तादांचा चेहरा साधा होता.

दोघं खाली उतरले. वस्तादांनी खिशातून चाकू काढून त्याच्या हातात दिला. धैर्यशीलनं डाव्या ब्रॅकेटवरचा रंग खरवडला. आरशासारखा तो लाल रंग पापुद्र्यानं निघाला. खाली पांढरी लांबी. त्याखाली पोलाद. आणि पोलादात, कडेला, केसासारखी एक काळी रेघ.

धैर्यशीलनं त्या रेघेवर नख फिरवलं. नख अडकलं.

तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"किती येळ टिकला असता?" त्यानं विचारलं.

"रेघंला इचार."

एक रिकामी ट्रॉली थांबली. ट्रॅक्टरवाल्याकडं ऊस बांधायची साखळी होती. धैर्यशीलनं ती मागून घेतली. पाटा आणि चासी एकत्र धरून त्यानं तीन वेढे मारले, पाना घालून पीळ दिला, टोक तारेनं बांधलं. हात काळे झाले. मळकट साखळी लाल गाडीच्या तोंडावर लोंबत राहिली.

वस्तादांनी पीळ तपासला. आणखी अर्धा वेढा द्यायला लावला.

"परतीला माणसाच्या चालीनं," ते म्हणाले. "खड्डा दिसला की थांबायचं. मग उतरायचं त्यात."

ट्रॅक्टरवाला दात काढत उभा होता. "सायेब, गाडी कुठल्या कंपनीची म्हणायची?"

धैर्यशीलनं हात पँटला पुसले.

"घरची हाय. भंगारातनं बांधली. ह्यो जोड कच्चा निघाला, म्हणून साखळी."

"आसं व्हय!" ट्रॅक्टरवाला खाली वाकला. आता हसत नव्हता. "आणि ह्यो उजवा?"

"त्यो पक्का हाय. बघा."

दोघं बघत बसले. कणसंवाली बाईही उठून आली. धैर्यशील तिला पाटे कसे बसतात ते दाखवू लागला. वस्ताद कणीस खात रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही.

मग धैर्यशील उजवीकडं बसला. किल्ली लावली. शेजारी पाहिलं, तर वस्ताद डावीकडचं छोटं दार उघडून आत येत होते. एक पाय, मग दुसरा. शिवलेल्या कव्हरवर ते नीट टेकून बसले.

"वस्ताद... मागनं ट्रॅक्टरवर या की. ते सोडतील तुमाला."

"का?"

"जोड चिरलाय. साखळीनं बांधलाय. आणि आता बसताय?"

"आता तू हळू चालवशील."

गाडी निघाली. खरंच माणसाच्या चालीनं. एका सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं. मग डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बायांनी. त्यातली एक म्हणाली, "दमली व्हय गाडी?"

"दमली, मावशी," धैर्यशील म्हणाला. "घरला नेतोय."

केर्ली मागं पडली. त्यानं एकही खड्डा चुकवला नाही आणि एकातही गाडी आदळू दिली नाही. ब्रेक अलगद धरत होते. स्टेरिंग बोटाच्या इशाऱ्यावर वळत होतं. इंजिन तक्रार न करता पहिल्या गिअरात चालत होतं. गाडी चांगली होती. एक जोड सोडला तर फार चांगली होती. दोन वर्षांत तिला त्यानं इतकं हळू कधी ऐकलं नव्हतं.

शिवाजी पुलावर तो बोलला.

"उद्या सुट्टी टाकतो. डावा ब्रॅकेट कापतो. रॉड भट्टीवर सुकवून घेतो. जोड जसा येईल तसा ठेवतो, घासत न्हाई. रंगबी न्हाई त्याच्यावर. कुणाला बघायचा त्यानं बघावा."

"हं."

"शनिवारी घाट उतरून दाखवतो तुमाला. तुम्ही डावीकडं बसा. म्हणजे रविवारी शर्वरीला..."

"मी कशाला?"

"तुम्ही बसल्याबगर गल्ली कशी मानंल?"

"मला काय कळतंय? मघाशी बघितलंस की."

पुलाखालून पंचगंगा संथ चालली होती.

"मग गाडी पास झाली हे ठरवायचं कुणी, वस्ताद?"

वस्तादांनी समोरच्या उघड्या चाकाकडं पाहिलं.

"बायकोला गाडी येती?"

"येती. लायसन हाय तिला. माज्यापरास बरी चालवती म्हणत्यात."

"मग रविवारी घाट तिला उतरू दे," वस्ताद म्हणाले. "तू डावीकडं बस."