बंदरावरचं फुकट सरबत

फार पूर्वी, समुद्रापलीकडच्या एका बेटावर एक सराफ होता. गलबतातून उतरणाऱ्या प्रत्येकाला तो फुकट सरबत पाजायचा. एक भित्री मुलगी आपल्या आत्याबरोबर तिथं उतरली, तेव्हा तिला पहिल्यांदा खटकलं ते हेच. ओळख ना पाळख, आणि वर वेलदोडा घातलेलं सरबत?

"पी गं मुकाट्यानं," आत्या म्हणाली. "कुणी चांगलं वागलं तरी तुला धडकी भरते!"

आत्याचं खोटं नव्हतं. शीड फडफडलं तरी ही दचकायची. पण ती आली होती आईसाठी. आई कशिदा काढायची, आणि आता तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. कापडापेक्षा बोटांनाच टाके जास्त पडत. या बेटावर एक कारागीर काचेचं भिंग करून द्यायचा, शंभर टिकल्यांना. टिकली म्हणजे तिथलं तांब्याचं नाणं. साठवलेले बारा रुपये आईनं चाचपडत, वेड्यावाकड्या टाक्यांनी लेकीच्या पदराच्या काठात शिवून दिले होते.

सराफाच्या दुकानावर मोठी पाटी लावलेली होती: 'पैसे बदला. वटाव अजिबात नाही!' वटाव म्हणजे नाणी बदलून देण्याची सराफाची मजुरी.

"बघ, मजुरीसुद्धा घेत नाही बिचारा!" म्हणत आत्यानं आपली अख्खी थैली पालथी केली. तिला सातरंगी रेशमी छत्री घ्यायची होती.

मुलीनं भीत भीत एकाच रुपयाचे टाके उसवले. सराफानं तिच्या हातावर सहा टिकल्या ठेवल्या. ती परकी नाणी तिनं उलटसुलट करून पाहिली. आईचा रुपया गेला की!

"नको, नको! शेटजी, माझा रुपया परत द्या."

"देतो की, ताई. दहा टिकल्या काढा."

"दहा? आत्ता तर तुम्ही सहाच दिल्यात!"

"तो तुमच्याकडून घेतानाचा भाव. हा तुम्हाला देतानाचा."

"मग मधल्या चार कुठं गेल्या?"

सराफानं सरबताचा तांब्या उचलला. मग म्हणाला, "अजून थोडं सरबत घेता का, ताई?"

मुलीनं पदर घट्ट धरला आणि तिथून धूम ठोकली. "आता हिला सरबताचीही भीती!" म्हणत आत्या छत्र्यांच्या गल्लीकडं वळली.

थोडं पुढं एक बाई फुटाणे भाजत बसली होती. मुलीनं धीर एकवटला. "मावशी, तुम्ही आमच्याकडं येता तेव्हा रुपये कुठून घेता? बंदरावरून?"

बाई हसून हसून लाल झाली. "बंदरावरून? अगं, ते पाहुण्यांसाठी! आम्ही जातो धान्यबाजारातल्या सराफीणबाईकडं."

सराफीणबाईकडं सरबत नव्हतं. बसायला पाटसुद्धा नव्हता. गावातलीच माणसं रांगेत उभी होती. पाळी आली तसं मुलीनं एका दमात विचारून टाकलं, "रुपयाला किती देता? आणि तोच रुपया परत हवा असला तर किती घेता?"

सराफीणबाईनं मान वर केली. "आईनं शिकवलं का गं?"

"नाही. भीतीनं."

"मग भीती गुणाची आहे तुझी. देते नऊ, परत घेते दहा. वर एक टिकली वटाव, सगळ्या रुपयांना मिळून. तोंडावर सांगते, पटलं तर बदल."

मुलीनं उरलेले अकराही रुपये उसवले. आधीच्या सहा टिकल्या धरून, वटाव देऊन, एकशे चार झाल्या. बंदरावर सगळे बदलले असते तर बहात्तरच हाती आल्या असत्या!

रस्त्यात आत्या भेटली. हातात नुसता छत्रीचा दांडा.

"एवढ्या पैशांत कापड येत नाही म्हणाला मेला."

"आणि तू दांडा घेतलास?"

"मग काय रिकाम्या हातानं परत जाऊ?" आत्यानं दांडा झोकात खांद्यावर टाकला. दोघीही खुदकन हसल्या.

एवढ्यात गलबताचं शिंग वाजलं. निघायची वेळ झाली होती! मुलगी भिंगाच्या कारागिराकडं धावत सुटली. कारागिराचं दार मात्र आतून बंद. तिनं हाक मारली, पण इतकी हळू, की उंबऱ्यावरची मांजरही हलली नाही. शिंग पुन्हा वाजलं. आईची टोचलेली बोटं तिच्या डोळ्यांपुढं आली. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि दारावर मूठ आपटली.

"काका! भिंगवाले काका! पूर्ण शंभर टिकल्या आणल्यात! दार उघडा!"

मांजर दचकून पळाली.

"अगं हो, हो!" आतून आवाज आला. "आलो! भिंग देतो, पण दार मोडू नकोस!"

तात्पर्य: परमुलखात पैसे बदलताना 'वटाव नाही' या पाटीवर भुलू नये, देताना किती आणि परत घेताना किती, हे दोन्ही विचारावं. भित्र्यानंही विचारावं, भित्र्यानं तर आधी विचारावं.