उतारावरच्या एकवीस नोंदी

"मोहोळ जाळायचं की नाही, एवढं एकच सांगा, बाबा."

मोतीगिरी बाबांनी सुपातून मान वर केली नाही. उडदातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला.

"बस तरी."

"बसत नाही. बसलो तर माझ्याच्यानं उठवणार नाही."

तुळशीराम खैरनार मठाच्या ओट्यापाशी सायकल धरून उभा होता. उजवा डोळा सुजून पार मिटला होता. गाल असा तट्ट फुगला होता की बोलताना ओठ एकाच बाजूनं हलत होते. परवा घाट उतरताना आग्या माशा त्याच्या सदऱ्यात शिरल्या होत्या. सायकल एकीकडे, तो दुसरीकडे आणि लसींची पेटी खाली ओढ्यात, अशी गत झाली होती.

तो आरोग्य केंद्रात लस टोचायच्या कामावर होता. तेवीस वर्षं झाली होती. दर बुधवारी घाट चढून वरच्या पाड्यांवर जायचं, पोरांना टोचायचं आणि दिवस कलायच्या आत खाली यायचं. घाटाच्या अर्ध्यावर हा गोसाव्यांचा मठ. पाणी प्यायला थांबता थांबता त्यानं बाबांना कधी गुरू मानलं, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मठाच्या खाली दुसऱ्या वळणावर सादड्याचं जुनं झाड होतं. त्याच्या आडव्या फांदीला हे मोहोळ लागलं होतं. झाड मठाचं. बाबांच्या शब्दावाचून त्याला कोणी हात लावत नसे.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमचं अंग आता हे विष सोसत नाही. पुन्हा अशा डसल्या तर घसा सुजेल, श्वास अडकेल. केंद्रापर्यंत पोचाल असं धरून चालू नका."

बाबांचा हात सुपात थांबला.

"खालच्या गावातले सोमा भोये आणि लहानू, दोघंही चिंध्यांचे टेंभे घेऊन झाडाखाली बसलेत. तुम्ही हो म्हणालात की दिवस मावळायच्या आत जाळून मोकळे होतील. आणि नाही म्हणालात तर बुधवारपासून मी हा घाट चढणार नाही. वरच्या पोरांना कोणी टोचायचं ते सरकार बघेल."

हे वाक्य तो घरून जुळवून आला होता. पण वाटलं होतं तेवढा जोर त्यात आला नाही.



तुळशीरामनं खिशातून वही काढली.

"मी उगीच बोलत नाही. सगळं लिहून ठेवलंय."

त्या वहीचा त्याला अभिमान होता. केंद्रातल्या नोंदवह्यांत त्याच्याइतकं सुवाच्य अक्षर कोणाचं नव्हतं. तपासणीला कोणी आलं की मोठे डॉक्टर आधी त्याचीच वही पुढं सरकवत. ही खासगी वहीही तशीच आखलेली. तारीख, वेळ, जागा, माशीची जात, शरीराचा भाग, सूज किती दिवस. सहा वर्षांत एकवीस नोंदी.

"वाच," बाबा म्हणाले. "मला आता बारीक अक्षर दिसत नाही."

"एकवीसच्या एकवीस?"

"तू सोसल्यास. मी नुसत्या ऐकूही नको?"

तुळशीराम एका डोळ्यानं वाचू लागला.

"चौदा मार्च. दुपारी चार दहा. उतारावर, मोरीजवळ. गांधील माशी. डावी मांडी. सूज तीन दिवस."

"हं."

"चार एप्रिल. साडेचार. उतारावर, पाटीच्या खांबापाशी. गांधील माशी. मान. सूज दोन दिवस."

"हं."

"अठरा एप्रिल. चार वाजता. उतारावर, सादड्याचं वळण. आग्या. पाठीवर दोन, काखेत एक. ताप."

सातव्या नोंदीला बाबांनी डोळे मिटले. तुळशीराम वाचायचा थांबला.

"वाच. झोपलो नाही. दमलोय, एवढंच."

सगळं वाचून झालं तेव्हा ओट्यावरचं ऊन पायरीवर गेलं होतं.

"सादड्यावरच्या किती झाल्या?"

"आग्या नऊ वेळा. गांधील माशा अकरा वेळा. आणि एकदा... ओळख पटली नाही."

"नऊ जाळशील. अकरांचं काय?"

"त्यांचीही पोळी शोधून काढीन. एक मोरीत आहे, एक पाटीच्या मागं..."

"आणि जिची ओळख पटली नाही ती?"

तुळशीरामनं ती नोंद पुन्हा पाहिली.

"चढताना किती वेळा डसल्या?"

"म्हणजे?"

"घाट चढतोस ना? तेव्हा."

तुळशीरामनं पानं उलटली. पुढून मागं, मग मागून पुढं. बोट जागेच्या रकान्यावरून खाली खाली सरकत गेलं. प्रत्येक ओळीत पहिला शब्द तोच होता. उतारावर. उतारावर. उतारावर. त्याच्याच वळणदार अक्षरात, एकवीस वेळा. इतकी वर्षं तो या शब्दाला नुसता पत्ता समजत आला होता.

"चढताना नाही डसल्या," तो हळू म्हणाला.

"एकदाही?"

"नाही. चढताना मी सायकल ढकलत चालतो. दम पुरत नाही."

"आणि उतरताना?"

"उतरताना बसतो. ब्रेक सोडून देतो."

"सोडून देतोस?"

"हो, सोडून देतो!" तुळशीरामचा आवाज चढला. सुजलेल्या ओठातून शब्द अर्धे वाकडे येत होते. "तेवीस वर्षं झाली, बाबा. मी पाड्यात पाऊल टाकलं की पोरं किंचाळत पळतात. आया त्यांना माझ्या नावानं भिववतात. गुमान जेव, नाहीतर सुईवाला येईल म्हणून. मी कोणाच्या दारात गेलो आणि कोणी हसून या म्हटलं, असं आठवत नाही मला. हा उतार तेवढा माझा आहे. वरच्या दोन गुंड्या सोडतो. सदऱ्यात वारा भरतो. पाय हलवावा लागत नाही, कोणाला टोचावं लागत नाही. आठवड्यातनं दहा मिनिटं... तीसुद्धा मी चालत काढू?"



बाबांनी उडीद डब्यात ओतले. झाकण बसेना, ते दोनदा फिरवून बसवलं. सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

"बाबा... हो की नाही?"

"हो."

तुळशीरामला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं.

"हो?"

"जाळ. चल, मीही येतो."

बाबा ओट्यावरून उतरले आणि त्यांनी सायकलचं हँडल आपल्या हातात घेतलं.

"अहो, द्या इकडं. तुम्ही कशाला?"

"तू वही सांभाळ."

आजारी जनावर गोठ्याकडं न्यावं तसे बाबा सायकल घेऊन चालू लागले. एक पाऊल, मग थोडं थांबणं, मग दुसरं. तुळशीराम मागून चालला होता. हा उतार त्यानं इतक्या सावकाश कधी बघितला नव्हता. दरीच्या बाजूला करवंदीची जाळी होती, तीही त्याला आजच दिसली.

मोरी आली. तुळशीरामचे पाय जागीच थांबले. मोरीच्या कडेला गांधील माशांचं पोळं राखेच्या रंगाच्या छत्रीसारखं लटकलं होतं. बाबा थांबले नाहीत. एक माशी हँडलवर येऊन बाबांच्या मुठीभोवती फिरली, बोटांच्या पेरांवर क्षणभर टेकली आणि मोरीकडं परत गेली.

"बाबा, ती हातावर बसली होती!"

"बसू दे. तीही कुठून तरी दमून आली असेल."

पाटीचा खांब आला आणि मागं पडला.

सादड्याखाली सोमा आणि लहानू उकिडवे बसले होते. चिंध्या गुंडाळलेले टेंभे शेजारी पडले होते. रॉकेलचा वास येत होता.

"आले का सायब!" सोमा उठला. "अरारा, तोंड काय झालंय! लहान्या, ओळख पटते का रे?"

"सायकलीवरनं पटली," लहानू म्हणाला.

"सायब, तुम्ही पोरांना सांगता ना, काही नाही, मुंगी चावली समज म्हणून? मग तुम्हीबी तसंच समजायचं."

तुळशीरामला हसू आलं, पण गाल हलेना.

सोमानं काडेपेटी काढली. "काय बाबा, आहे का परवानगी?"

"मी हो म्हटलंय. पेटवायचं केव्हा, ते साहेब सांगतील."

तिघांनी तुळशीरामकडं पाहिलं. तुळशीरामनं वर पाहिलं.

सहा वर्षं तो या मोहोळाखालून गेला होता. चढताना धाप लागून मान खाली असायची, उतरताना डोळ्यांत पाणी आणणारा वारा असायचा. मोहोळ त्यानं आज पहिल्यांदा धड पाहिलं. दीड हात लांब, काळं, फांदीवर घोंगडी वाळत घालावी तसं. पण ती घोंगडी स्थिर नव्हती. तिच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक लाट सर्रकन धावत जाई. मग शांत. मग पुन्हा लाट. आणि त्या सगळ्यातून येणारा एक जाडसर, अखंड आवाज...

एक माशी खाली आली आणि त्याच्या बाहीवर बसली.

तुळशीराम दगडासारखा झाला. डॉक्टरीणबाईंचे शब्द त्याला आठवले. दुसरा हात आपोआप माशीवर मारायला उठला.

बाबांनी तो हात धरला. घट्ट नाही. नाडी बघावी इतपतच.

माशी बाहीवरून कोपरापर्यंत चालत गेली. तिथं थांबली. पुन्हा खाली आली. मग उडून गेली.

बाबांनी हात सोडला.

"चिरडली नाही म्हणून गेली," सोमा म्हणाला. "एक सदऱ्यात चिरडली ना सायब, की तिच्या वासावर साऱ्या येतात. तुम्ही येता बंदुकीच्या गोळीगत, वर सदरा उघडा. ती बिचारी पाण्याला निघालेली असते अन् तुमच्या छातीवर आपटते."

"तुला माहीत होतं हे?"

"साऱ्यांना माहीत आहे."

"मग मला सांगितलं का नाही कधी?"

"तुम्ही थांबलात कधी?"

मोहोळावरून पुन्हा एक लाट गेली.

"बोला सायब. दिवस चालला. लावू का?"

तुळशीरामच्या हातात वही तशीच होती. डोळा ठणकत होता. अंगात इतका शीण भरला होता की तिथंच रस्त्यावर बसावंसं त्याला वाटलं.

"राहू द्या," तो म्हणाला.

"म्हणजे उद्या?"

"उद्याही नको. आज माझ्यात जाळण्याचं बळ नाही. उद्या येईल असंही वाटत नाही. जा घरी."

लहानूनं टेंभे उचलले. "अख्खी दुपार गेली."

"तुला दुसरं काय काम होतं रे?" सोमा म्हणाला आणि दोघं पायवाटेनं खाली गेले. त्यांची भांडणं बराच वेळ ऐकू येत राहिली.

बाबांनी सायकल झाडाच्या बुंध्याला टेकवली आणि ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. तुळशीरामही बसला. बसल्यावर उठवणार नाही हे ठाऊक असूनही बसला.

"बुधवारी?" बाबांनी विचारलं.

"येईन. ढकलत येईन आणि ढकलतच परत जाईन." त्यानं सदऱ्याची कॉलर सारखी केली. "वारा तेवढा गेला."

"गेला," बाबा म्हणाले. त्यांनी त्याची समजूत घातली नाही.

काही वेळानं तुळशीरामनं पेन काढलं. मांडीवर वही उघडली, पट्टी नसतानाही सरळ रेघ ओढली आणि नवी ओळ लिहिली. तारीख. वेळ. उतारावर, सादड्याचं वळण. चालत. माशीच्या जातीच्या रकान्यात त्यानं काट मारली. सुजेच्या रकान्यातही. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं होतं. ते पाहून त्याला जरा हुशारी वाटली.

"म्हणजे बाबा, यातून नियम असा निघतो," तो म्हणाला. "चालत उतरलं, की काही दुखत नाही."

दोन्ही हातांनी आपला पाय उचलून बाबांनी तो हळूहळू सरळ केला.

"माझे गुडघे तर उतरतानाच दुखतात."