शेल्याला केलेला रामराम

नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. काठच्या एका गावात येसाजी नावाचा नावाडी राहत असे. त्याची होडी लहान होती. चार माणसे बसली की भरून जाई, टोपल्यांना जागा उरत नसे. बैलगाडी पलीकडच्या शहरात न्यायची, तर डोंगराला वळसा पडे आणि बाजार गाठेपर्यंत भाजी सुकून जाई. मोठी नाव बांधायची म्हणून येसाजी आणि त्याची बायको जनाई सात वर्षे पोटाला चिमटा घेत होती.

एकदा पाटलांकडे लग्न होते. येसाजी पंगतीत पुढे बसला होता. तेवढ्यात जरीचा शेला पांघरलेले एक गृहस्थ आले. वाढप्याने येसाजीला वाढलेल्या पानावरून उठवले आणि त्यांना तिथे बसवले. येसाजी न जेवताच घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो साठवलेले पैसे घेऊन नावेसाठी सागवान आणायला शहरात गेला, पण पाय वळले कापडाच्या दुकानाकडे. त्याने सर्वांत भारी शेला मागितला. व्यापाऱ्याने तो त्याच्या खांद्यावर टाकून आरसा समोर धरला. आरशातला माणूस येसाजीला फार आवडला. त्याला कोणीही पानावरून उठवले नसते.

इतक्यात पंगतीतले तेच गृहस्थ आत आले आणि त्यांनी येसाजीला वाकून रामराम केला. त्याच सकाळी येसाजीनेच त्यांना होडीतून पार केले होते, तरी त्यांनी ओळखले नाही. त्यांची नजर शेल्यावरून वर सरकलीच नाही.

मग ते व्यापाऱ्याला हळूच म्हणाले, "मेहुण्याने माझ्यासारखाच शेला घेतलाय. मला रुंद काठाचा दाखवा. दुभती म्हैस विकून आलोय."

ते आतल्या खोलीत माल पाहायला गेल्यावर येसाजीने विचारले, "मेहुण्याने आणखी रुंद काठ घेतला तर?"

"तर हे पुन्हा येतील," व्यापारी म्हणाला. "मन दुखावलेला माणूस भाव करत नाही."

येसाजीने शेला उतरवून ठेवला. "मघाचा रामराम मला नव्हता, याला होता," एवढेच बोलून तो थेट लाकडाच्या वखारीत गेला.

घरी त्याने जनाईला सगळे सांगितले. मग दोघे सुताराच्या जोडीने कामाला लागली. फळ्यांच्या फटींत काथ्या जनाईने स्वतः ठोकला.

चार महिन्यांनी, बाजारच्या दिवशी, नवी नाव पाण्यात उतरली. तिच्यावर दोन बैलगाड्या होत्या आणि टोपल्या घेतलेल्या माळणी. मधल्या धारेत एक बैल बुजला, नाव कलली. उघड्या अंगाने येसाजीने सगळा भार नाव रेटायच्या बांबूवर टाकला आणि नाव सरळ केली. ती काठाला लागली तेव्हा बाजार अजून भरायचा होता. गिऱ्हाइके टोपल्यांकडे धावली. दुपारपर्यंत एकही टोपली भरलेली उरली नाही.

एक म्हातारी माळीण त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चाळीस वर्षांत माझी मेथी आज पहिल्यांदा हिरवी पोचली, बाबा."

येसाजीचे डोळे भरून आले. नदी उतरायच्या त्या घाटाला आजवर काही नाव नव्हते. त्या हंगामापासून दोन्ही काठचे लोक त्याला 'येसाजीचा उतार' म्हणू लागले.

तात्पर्य: वस्त्राला मिळालेला मान वस्त्रापाशीच थांबतो, लोकांच्या उपयोगी पडलेल्या हातांचा मान मात्र माणसाच्या नावाला मिळतो.